नाव मिळालं नाही, तर काम विचारा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



आधी मंडळाचे आभार. गणपतीत व्याख्यान म्हटलं की इतिहासावर, अध्यात्मावर नाहीतर शेतीवर बोलणारा पाहुणा बोलवायची आपल्याकडची पद्धत. यंदा कार्यकर्त्यांनी आम्हा औषध दुकानवाल्यांना सांगितलं, "तुम्ही गावातलेच, तुम्हीच बोला." आम्ही भाषण करणारी माणसं नव्हे. चिठ्ठी वाचायची, फळीवरून डबी काढायची, गोळी कधी घ्यायची ते सांगायचं, एवढंच आमचं रोजचं बोलणं. पण अलीकडं एक वाक्य आम्हाला वारंवार बोलावं लागतं आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. ते वाक्य म्हणजे, "हे इंजेक्शन मिळत नाही." त्या वाक्यानंतर घरच्यांनी काय करायचं, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहोत.

साधी तापाची गोळी मिळाली नाही तर कुणी घाबरत नाही. एका कंपनीची नसली तर दुसरीची घेतली जाते. अडचण येते ती फ्रीजमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या औषधांची. मधुमेहाचं इन्सुलिन, कुत्रं चावल्यावर द्यायचं सिरम, सर्पदंशावरचं प्रतिविष, संधिवाताची आणि कॅन्सरची महागडी इंजेक्शनं. यांना डॉक्टर 'बायोलॉजिक' म्हणतात, म्हणजे जैविक औषधं. ती रसायनांच्या कारखान्यात नुसती मिसळून तयार होत नाहीत. जिवंत पेशींकडून, जिवाणूंकडून किंवा घोड्यासारख्या जनावराच्या रक्तातून ती मिळवावी लागतात.

फरक घरातल्या उदाहरणानं सांगतो. मीठ कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी मीठच. साधी गोळी तशी असते. दह्याचं तसं नसतं. दूध एकाच म्हशीचं असलं, तरी शेजारच्या घरचं विरजण वेगळं, भांडं वेगळं, ऊब वेगळी, म्हणून दही थोडं वेगळं लागतं. जैविक औषध हे विरजणाचं काम आहे. दुसऱ्या कंपनीनं तेच औषध केलं तर ते अगदी जवळचं असतं, पण तंतोतंत तेच असत नाही. म्हणून अशा औषधांना आपल्या देशात 'सिमिलर बायोलॉजिक' म्हणजे समरूप जैविक औषध म्हणतात. ती मूळ औषधाइतकीच चालतात, हे चाचण्यांतून दाखवावं लागतं. त्यासाठी भारत सरकारनं २०१२ मध्ये नियमावली काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली.

ही औषधं तुटतात का, तेही समजून घेऊ. कारखाने मोजके असतात. काही औषधं परदेशातून येतात. कारखान्यापासून आपल्या दुकानापर्यंत २ ते ८ अंश तापमान राखावं लागतं. मुदत कमी आणि किंमत जास्त, त्यामुळे लहान गावात कुणी साठा करून ठेवत नाही. आणि कधी कंपनीच एखादा प्रकार बंद करते.

औषध मिळेना झालं की घरोघरी तीन गोष्टी होतात. एक, "येईल तेव्हा घेऊ" म्हणून औषध बंद पडतं. दोन, चिठ्ठीवरचं नाव घेऊन सगळे पाहुणे कामाला लागतात. पुण्याचा भाचा, मुंबईची नणंद, बेळगावचे साडू, सगळ्यांना फोन. तीन, कुणीतरी सांगितलं म्हणून भलतंच काही घेतलं जातं. या तिन्हींत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हे औषध माझ्या शरीरात कोणतं काम करतं, आणि ते काम दुसऱ्या कशानं होईल? या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं, पण तो विचारायचा आपण. हा प्रश्न विचारल्यानं किती जीव वाचतात, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू फार. तो चावला की धडधाकट माणसाला, आणि पोरांना तर जास्तच, दरदरून घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरल्यासारखा दम लागायचा आणि माणूस दगावायचा. त्या विषावरचं प्रतिविष तेव्हा हाताशी नव्हतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्यांनी ओळखलं ते असं. विंचवाचं विष शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी साचतं. म्हणजे माणसाला मारणारी गोष्ट ही आवळलेली रक्तवाहिनी आहे. मग ती सैल करणारं काही आपल्याकडं आहे का? होतं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी. ती त्यांनी वापरून पाहिली, नोंदी ठेवल्या आणि १९८६ मध्ये त्यावरचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. ज्यांच्या हृदयावर विषाचा परिणाम झालेला असे, अशांत पूर्वी १०० पैकी सुमारे ३० माणसं दगावत. प्राझोसिन आल्यावर हा आकडा १ च्या आसपास आला, असं त्यांच्या लेखांत नोंदलेलं आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धीच राहील. पुढं विंचवाच्या विषावरचं प्रतिविष उपलब्ध झालं. तेव्हा "आमच्या गोळीनं भागतंय, इंजेक्शन कशाला?" असं बावस्करांनी म्हटलं नाही. त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना फक्त गोळी दिली आणि निम्म्यांना गोळी अधिक प्रतिविष. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १० तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण नुसत्या गोळीच्या गटात ३५ पैकी ८ होते आणि दोन्ही मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२. यातून आम्ही एक धडा घेतो. पर्याय हा अडचणीतला आधार असतो. मूळ औषध मिळायला लागलं की पुन्हा विचार करायचा, पर्यायाचाच हट्ट धरायचा नाही.

आता दुसरी गोष्ट, कुत्र्याची. ती बोरगावलाही लागू आहे. ऊसतोडीच्या दिवसांत, पहाटे दुधाला जाताना, शाळेच्या वाटेवर कुत्रं चावण्याचे प्रसंग आपल्याकडं कमी नाहीत. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर नुसती रेबीजची लस पुरत नाही. लस शरीराला लढायला शिकवते आणि त्याला दिवस लागतात. तोपर्यंत तयार प्रतिद्रव्यं थेट जखमेत द्यावी लागतात. तेच ते सिरम. ते घोड्याच्या रक्तापासून किंवा माणसाच्या रक्तापासून करतात आणि अनेकदा तेच मिळत नाही.

हिमाचल प्रदेशात २०१४ च्या सुमारास अशीच टंचाई झाली. तेव्हा सिरमचा डोस रुग्णाच्या वजनावर ठरवत. जखमेत मावेल तेवढं जखमेत आणि उरलेलं दंडात किंवा मांडीत, अशी पद्धत होती. सिमल्याचे डॉ. ओमेश भारती यांनी प्रश्न विचारला की सिरमचं काम कुठं आहे? विषाणू तर जखमेत आहे. मग जखमेतच नीट भरलं तर? तसं केल्यावर एका माणसाला लागणारं सिरम खूप कमी झालं आणि तेवढ्याच साठ्यात कितीतरी जास्त लोकांना ते पुरलं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या सूचना बदलल्या. सिरम जखमेत आणि जखमेभोवती द्या, उरलेलं लांब स्नायूत टोचण्याची गरज नाही. २०१९ मध्ये डॉ. भारतींना पद्मश्री मिळाली.

लसीचंही तसंच. दंडात स्नायूत द्यायची झाली तर एका माणसाला पाच वेळा पूर्ण बाटली लागते. कातडीत द्यायची पद्धत आपल्या देशात २००६ पासून मान्य आहे. तीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांत ०.१ मिली, म्हणजे सगळे मिळून ०.८ मिली लागतं. फोडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते, म्हणून ही पद्धत जिथं एका दिवशी बरेच रुग्ण येतात त्या सरकारी दवाखान्यांत सोयीची पडते. तिथं कातडीत लहानसं इंजेक्शन दिलं म्हणून "थोडीच दिली, फसवलं" असं समजू नका. ती पूर्ण आणि शास्त्रीय पद्धत आहे.

याच बाबतीत एक पर्याय पुण्यात तयार झाला. सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना १९६६ ची. पूनावाला कुटुंबाचे घोड्यांचे फार्म होते. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सिरमसाठी दिले जात. त्यातूनच स्वतः सिरम करायची कल्पना निघाली. त्याच संस्थेनं २०१७ मध्ये घोडा किंवा माणूस कुणाच्याच रक्तावर अवलंबून नसलेलं, पेशींमध्ये बनवलेलं रेबीजचं प्रतिद्रव्य बाजारात आणलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत अशा प्रतिद्रव्यांनाही जागा मिळाली. म्हणून "सिरम नाही" असं ऐकलं की डॉक्टरांना विचारा, "माणसाचं नसेल तर घोड्याचं आहे का? ते नसेल तर नवं प्रतिद्रव्य आहे का?"

तोपर्यंत घरी काय करायचं तेही ऐका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, चटणी काही लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा, सिरमसाठी ती थांबवू नका. लसीचा पहिला डोस झाल्यापासून ७ दिवसांच्या आत सिरम देता येतं. म्हणजे आज इथं नाही मिळालं तरी लस घेऊन उद्या कोल्हापूर, मिरज किंवा बेळगाव गाठायला वेळ असतो. पण तो वेळ चर्चेत घालवायचा नाही.

नावामागं धावण्याचं उदाहरण पाहायचं तर २०२१ चा एप्रिल-मे आठवा. कोरोनाची दुसरी लाट. टोसिलिझुमॅब हे मूळचं संधिवाताचं जैविक औषध तेव्हा परदेशातून येत होतं. गंभीर रुग्णाला ते लिहून दिलं जायचं आणि नातेवाईक अंगावरचे दागिने विकायची तयारी करून शहरभर फिरायचे. औषध खोटं नव्हतं. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत ते दिलेल्यांत २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. पण त्यातल्या बहुतेकांना आधीच स्टेरॉइड सुरू होतं. आणि डेक्सामेथासोन नावाच्या त्या अगदी स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं कमी होतात, हे जून २०२० मध्येच कळलं होतं. दवाखान्यात रुग्णाला ते मिळत होतं आणि बाहेर घरचे न मिळणाऱ्या बाटलीसाठी स्वतःला दोष देत होते. आपल्या भागातही कित्येकांच्या मनाला ती टोचणी अजून आहे. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, एक बाटली मिळाली नाही म्हणून तुमचा माणूस गेला असं धरून चालू नका.

त्याच काळानं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे पर्याय म्हणून पुढं आलेलं प्रत्येक औषध पर्याय ठरत नाही. इटोलिझुमॅब हे भारतीय बनावटीचं औषध जुलै २०२० मध्ये मर्यादित वापरासाठी मंजूर झालं. पण पुरावा पुरेसा नाही म्हणून राष्ट्रीय कृतिदलानं ते आपल्या उपचार-सूचनांत घेतलं नाही. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये हेटेरो कंपनीच्या टोसिलिझुमॅबच्या समरूप औषधाला आपत्कालीन मंजुरी मिळाली. म्हणजे पर्याय तपासून घ्यावा लागतो आणि तो तपासायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट भामट्यांची. टंचाई दिसली की ते जमतात. जुलै २०२० मध्ये गुजरातच्या औषध प्रशासनानं बनावट टोसिलिझुमॅब विकणाऱ्यांना पकडलं. एप्रिल २०२१ मध्ये बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारे सापडले. म्हणून कुणी मोबाइलवर "माझ्याकडं एक बाटली आहे, रोख घेऊन या" म्हणालं, तर जाऊ नका. पक्कं बिल, बॅच नंबर, मुदत आणि औषध थंड ठेवलं होतं की नाही, या चार गोष्टी नसतील तर ते औषध कितीही खऱ्यासारखं दिसो, आपल्या माणसाला टोचायचं नाही.

आता येऊ आपल्या घरातल्या फ्रीजकडं. अंड्यांच्या खणाशेजारी इन्सुलिन नसलेलं घर गल्लीत शोधून सापडणार नाही. इन्सुलिन हे जगातलं सगळ्यात ओळखीचं जैविक औषध. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा दिलं. पुढं साठ वर्षं इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून करून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आपल्याकडं २००३ मध्ये वोखार्टनं आणि २००४ मध्ये बायोकॉननं देशात बनवलेलं मानवी इन्सुलिन आणलं. म्हणजे इन्सुलिन बदलणं ही आजची नवी गोष्ट नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतही ते बदललं आणि लोक नीट राहिले. नीट राहिले, कारण बदल डॉक्टरांच्या नजरेखाली झाला.

२०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं मानवी इन्सुलिनच्या पेनमध्ये घालायच्या रिफिल भारतात बंद करत असल्याचं सांगितलं. बाटलीतलं इन्सुलिन सुरू राहणार होतं. वर्षानुवर्षं पेन वापरणाऱ्या काका-काकूंच्या पोटात गोळा आला. आता काय, हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर सोपं होतं, पण त्यात एक खड्डा आहे. तो आज सगळ्यांनी लक्षात ठेवून जा.

पेनच्या रिफिलमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट इन्सुलिन असतं. आपल्याकडं मानवी इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते. तिची सिरिंजही वेगळी. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. समजा काकांना २० युनिट घ्यायचे आहेत. त्यांनी जुन्या रिफिलमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातील. साखर एवढी खाली येईल की माणूस झोपेतच बेशुद्ध पडेल. उलट बाटलीतलं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत घेतलं, तर जातील फक्त ८ युनिट. साखर चढत राहील आणि घरात सगळे म्हणतील, हे नवं इन्सुलिन लागू पडत नाही. औषध दोन्ही वेळा खरंच होतं. चूक होती ती टोपणाच्या रंगात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी घ्या आणि बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा घरातल्या तरुण मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. रिफिलमधून सिरिंजनं इन्सुलिन कधीही ओढू नका.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, प्रमाण. ३०/७०, २५/७५, ५०/५० असे आकडे डबीवर असतात. ते बदलले की औषध बदललं. दुसरी, जेवणाची वेळ. मानवी मिश्र इन्सुलिन साधारण जेवणाआधी अर्धा तास घेतात, तर नव्या प्रकारची काही इन्सुलिनं ताटावर बसतानाच घ्यायची असतात. जुन्या सवयीनं नवं इन्सुलिन टोचलं आणि वहिनी भाकरी थापत राहिल्या, तर काकांना तेवढ्यात घाम फुटेल. तिसरी, पेन. एका कंपनीची रिफिल दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये बसेलच असं नाही. जबरदस्तीनं बसवू नका. बदल झाल्यावर पहिले पंधरा दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि वहीत लिहा.

आणि "चार दिवस इन्सुलिन नाही मिळालं तर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घेऊ" हा विचार मनातून काढून टाका. जेवणात कारलं जरूर खा. पण लहानपणापासून ज्यांना इन्सुलिनच लागतं, अशा पोरांचं इन्सुलिन एक-दोन दिवस जरी थांबलं तरी जिवावर बेतू शकतं. त्यांच्या बाबतीत वाट पाहणं हा पर्यायच नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

संधिवात, सोरायसिस, आतड्याची सूज, कॅन्सर यांची इंजेक्शनं घेणारेही आपल्यात आहेत, पण ते चारचौघांत बोलत नाहीत. त्यांना दिलासा देणारी माहिती आहे. रिटुक्सिमॅबचं समरूप औषध डॉ. रेड्डीजनं आपल्या देशात २००७ मध्ये आणलं. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं समरूप औषध डिसेंबर २०१४ मध्ये झायडसनं भारतातच आणलं. म्हणजे मूळ कंपनीचं नाव मिळालं नाही तर त्याच औषधाचं दुसरं नाव असू शकतं. तेही नसेल तर त्याच गटातलं दुसरं इंजेक्शन, आणि काही वेळा टोफॅसिटिनिबसारखी गोळी, असे टप्पे डॉक्टरांपुढं असतात. पण यातल्या प्रत्येकाच्या आधी काही तपासण्या लागतात, विशेषतः क्षयरोगाची. कारण ही औषधं शरीराचा पहारा थोडा सैल करतात आणि अंगात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून शेजारणीला लागू पडलं म्हणून तिचं उरलेलं इंजेक्शन मागून घेण्याचा प्रकार नको.

"तुम्हीच द्या की दुसरं काहीतरी, तुम्हाला कळतंय की सगळं," असं प्रेमानं बरेच जण म्हणतात. मंडळी, तो अधिकार आम्हाला नाही. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणं शेड्यूल एचमधल्या औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं देण्याची मुभा दुकानदाराला नाही. जैविक औषधांच्या बाबतीत ते बरंच आहे. आम्ही काय करू शकतो? कुठं काय उपलब्ध आहे ते शोधून डॉक्टरांना कळवू शकतो. चिठ्ठी त्यांनी बदलायची. त्यासाठी मूळ औषधाचं नाव, म्हणजे कंपनीनं दिलेलं नव्हे तर आतल्या घटकाचं नाव, ठळक अक्षरात लिहून मागा. डॉक्टरांनी शक्यतो असंच लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं बेळगावच्या दुकानदाराला कळण्यासाठी हाच एक समान धागा.

आपण सीमेवरची माणसं. इचलकरंजी जवळ, निपाणी-चिकोडी आपलीच, कोल्हापूर-मिरज दवाखान्याला, बेळगाव कामाला. ही अडचण आहे तशी सोयही आहे. एका राज्यात साठा संपला तरी दुसरीकडं असू शकतो. कोल्हापूरचं सीपीआर असो की बेळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडं फोन करून विचारायला लाजू नका. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनाही आहे. आपला रुग्ण कोणत्या योजनेत बसतो आणि ते औषध त्यात येतं का, हे दवाखान्याच्या मदत कक्षात कागद दाखवून विचारा. ऐकीव माहितीवर परत फिरू नका आणि ऐकीव माहितीवर भरवसाही ठेवू नका.

पुण्या-मुंबईहून औषध मागवताना एक काळजी घ्या. नुसत्या पिशवीत घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलेलं इन्सुलिन इथं पोचतं, पण त्यातली ताकद पोचेलच असं नाही. बर्फाला थेट चिकटलेलं आणि गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. थर्मासमध्ये किंवा लसीच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटाभोवती कापड गुंडाळून पाठवायला सांगा. आणि लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद पडला तर आपला जुना माठ आहेच. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, पिशवीत नीट बांधून ठेवलेली, वापरात असलेली बाटली उन्हाळ्यातही बरी राहते.

शेवटी एकच विनंती. गणपती उठायच्या आत घरातल्या प्रत्येक रुग्णाचा एक कागद करा. त्यावर आजाराचं नाव, औषधातल्या घटकाचं नाव, मात्रा, शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख, बॅच नंबर, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि डॉक्टरांचा फोन. खाली एक ओळ रिकामी ठेवा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, "डॉक्टर, हे औषध नाही मिळालं तर काय घ्यायचं, आणि किती दिवस थांबलेलं चालेल?" जे उत्तर येईल ते त्या ओळीत लिहून घ्या. औषध संपल्यावर रात्री नऊ वाजता विचारायचा हा प्रश्न नव्हे. औषध घरात असताना, डॉक्टर समोर असताना विचारायचा आहे. औषध बदलल्यावर अंगावर पुरळ आलं, ताप आला, दम लागला तर डॉक्टरांना कळवा. अशा तक्रारींची नोंद सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही करता येते. तुमची एक नोंद पुढच्या दहा जणांच्या उपयोगी पडते.

बावस्करांकडं प्रतिविष नव्हतं, भारतींकडं सिरम पुरेसं नव्हतं. दोघांनीही आधी औषधाचं काम विचारलं. आपण डॉक्टर नाही. पण तो प्रश्न डॉक्टरांना विचारण्याइतकं आपण सगळे नक्कीच शिकू शकतो. तो कागद भरायला ज्यांना अडचण येईल त्यांनी आमच्यापैकी कुणाच्याही दुकानात यावं. कागदही आमचा, पेनही आमचं, आणि चहाही.

सगळ्यांची तब्येत बाप्पा सांभाळो. 

गणपती बाप्पा मोरया!